दारावरचा अर्धा गोल

मी एक पिवळा गोल आहे, मित्रांनो. निदान जन्मलो तेव्हा तरी होतो. आता मला काय म्हणावं, हे माझं मलाच कळत नाही.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावर, मारेन नावाच्या डिझायनर बाईच्या संगणकात झाला. तिचे वडील ओलुफ तिथल्या वृद्धाश्रमात राहत. त्यांची नजर फार अधू झाली होती आणि तिथली दारं सगळी सारखीच पांढरी. दोनदा ते चुकून शेजारच्या आजीबाईंच्या खोलीत शिरले. उभी हयात दर्यावर काढलेला माणूस, पण लाजेने दुपारच्या कॉफीलाही बाहेर येईना. म्हणून मारेनने प्रत्येक दारावर एकेक आकार लावायचं ठरवलं. शेजारी त्रिकोण, पलीकडे चौकोन आणि बाबांसाठी मी.

मग माझ्यावर फिल्टरांचे, म्हणजे चित्राचं रूप पालटणाऱ्या संगणकी करामतींचे, प्रयोग सुरू झाले. एकाने अंगावर लाटा उठवल्या, दुसऱ्याने वाळूचे कण पेरले, तिसऱ्याने काचेची चकाकी आणली. मी गोल आहे की समुद्र, मला काही उमगेना. पण पडद्यावर बघणारे वाहवा करत होते, म्हणून मीही हुरळलो.

छापून दारावर लागलो आणि फजिती झाली. ओलुफ सरळ त्रिकोणाच्या खोलीत गेले.

"बाबा, इतका सुंदर गोल लावलाय. दिसला नाही का?"

"असेल गं सुंदर. मला सगळीकडे डागच दिसतात. त्यातला माझा कुठला, ते सांग."

घरी येऊन मारेनने माझा सगळा साज उतरवला आणि आम्हा सर्वांवर धूसर करणारा फिल्टर चढवला. त्रिकोण, चौकोन, मी, सगळे एकसारखे गोळे झालो. मी पार गोंधळलो. बाबांना जग असं दिसतं, हे तिला तेव्हा कळलं, आणि तिला रडू आलं.

मग धूसरपणातही एक सरळ कड उठून दिसावी, म्हणून तिने मला मधोमध कापलं. उरलेला अर्धा दाराएवढा मोठा केला, मागे गडद निळा रंग दिला. त्रिकोण-चौकोनांनाही असंच बदललं. पुन्हा धूसर करून पाहिलं, तर आता आम्ही वेगवेगळे ओळखू येत होतो.

नवी चित्रं दारांवर लागली त्या दुपारी ओलुफ कॉफी पिऊन एकटेच परतले. मारेन मुद्दाम मागे राहिली होती. ते माझ्यासमोर थांबले, दार उघडलं आणि वळून म्हणाले, "ये ना आत. ही माझी खोली."

मित्रांनो, आम्हा आकारांना हवं तसं नटवा. पण आम्हाला कोण बघणार आहे, त्याच्या डोळ्यांनी आधी एकदा बघा. तेवढं केलंत, तर अर्धं राहूनही आम्हाला काही कमी पडत नाही.