मागचं उजवं चाक

बत्तीस वर्षं झाली या दुकानाला. पयली वीस आमच्या ह्यांनी पंक्चर काढली, ते गेल्यापासनं बारा वर्षं मी काढतेय. माझ्या कामाला नावं ठेवायची कुणाची टाप न्हाय. म्हणून आकारामदादा जवा म्हणाला, "मीनावैनी, पॅचच्या सोल्युशनमधी पाणी घालताय काय?" तवा माझं डोकंच फिरलं.

हा दादा म्हणजे शिवाजी पेठेतला पाववाला. डावा पाय साखरेच्या आजारानं गुडघ्याखाली गेलेला. मग गड्यानं मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं बसवून घेतली, वर पावाचा पत्र्याचा पेटारा. गिअर हातावर आणला. मागचा ब्रेक तेवढा उजव्या पायात, आन् तो बी एका उजव्या चाकालाच. बेकरीतनं माल उचलायचा आन् गंगावेशीपासनं रंकाळ्यापतोर चहाच्या गाड्यांवर टाकायचा. बायको वारलेली, लेक अनुजा जयसिंगपूरला दिलेली. ती म्हणायची, अप्पा, आता माझ्याकडं या. हा म्हणायचा, "गाडी चालतीया तवर मी जावयाच्या दारात बसणार न्हाय."

दर सोमवारी हवा बघायला यायचा. दुचाकीची हवा कमी झाली की लगेच कळतं. तीनचाकी तशी डुलत न्हाय, नुसती एकीकडं ओढत राहती आन् टायर खाती. हे मीच त्याला शिकवलेलं, आन् त्यानं एक सोमवार चुकवला न्हाय.

गेल्या थंडीत मागच्या उजव्या चाकाचं सुरू झालं. पंक्चर काढलं, चार दिवसांनी पॅच सुटला. परत घासून लावला, परत सुटला. तवाच ते पाण्याचं बोलणं झालं. मी बी ऐकून घेणारी न्हाय. "तुमची ट्यूबच सडकी हाय," म्हटलं आन् नवी घातली. पंधरवड्यात तिचा हवा भरायचा वॉल बुडातनं फाटला. मग टायरवर संशय घेतला, तो बदलला. जिथनं ट्यूब आणलेली त्या दुकानदाराची भर रस्त्यात खरडपट्टी काढली. सगळ्यांना बोलून झालं. चाकाला नुसता हात लावून बघावं, एवढं मात्र मला सुचलं न्हाय.

टायर बदलून बी परत हवा गेली, तवा दादा फेरी संपवून थेट दुकानात आला. चाक खोलायला गेले तर ब्रेकच्या ड्रमनं तळहात भाजला. मग डोक्यात उजेड पडला. ड्रम एवढा तापल्यावर पॅच टिकंल कसा? ब्रेक घासत हुता. पण दांडी बघितली, स्प्रिंग बघितली, लायनर बघितलं, सगळं जाग्यावर. मोकळं सोडलं तर चाक भिंगरीसारखं फिरत हुतं.

"बसा गाडीवर," म्हटलं. "ब्रेक दाबा."

दाबला.

"आता सोडा."

चाक हलंना.

"सोडा की."

"सोडलाय की वैनी."

पाय तिथंच हुता. पेडलवर, सगळा भार टाकून. आन् दादा माझ्या तोंडाकडं बघून सांगत हुता, सोडलाय म्हणून.

मी खाली बसले आन् त्याचा घोटा धरून पाय बाजूला केला. खाली बघितलं तवा त्याला कळलं. मी म्हटलं, पायताण काढा. नको नको करायला लागला, तर मीच काढलं. दोन बोटं काळी पडलेली, तळव्याला रुपयाएवढी जखम, आन् वास.

"दुखत न्हाय वो काय," तो म्हणाला.

"दुखत न्हाय म्हणूनच चला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

तर एवढा मोठा गडी माझ्या दारात रडला. "मागच्या टायमाला बी मी एक बोट दाखवायलाच गेलतो, वैनी. गुडघ्यापतोर नेला त्यांनी. फुटबॉलचा सिझन चाललाय, मॅचच्या गर्दीत पाव दुप्पट खपतोय. फायनल होऊ द्या, मग मी आपणहून जातो. अनुजाला सांगू नका. ती गाडी विकंल."

तिथं मी माती खाल्ली. त्याची दया आली हे खरं हाय. पण खरं बोलायचं तर त्यापरीस मला बरं ह्याचं वाटलेलं, की खोट माझ्या पॅचमधी नव्हती. दुसऱ्या दिवशी नवी केबल टाकून ब्रेक हातावर आणून दिला. दांडी क्लचच्या वर बसवली, चार वेळा चालवून बघितली. "घ्या," म्हटलं, "आता पायाला कामच न्हाय." मलमपट्टी बी दिली, वर शहाण्यागत सांगितलं, रोज लावत जावा.

त्यानंतर पॅच एकदा बी सुटला न्हाय. पुढचे तीन सोमवार दादा आला, मी हवा मारली, ड्रमला हात लावून बघितला. गार. "वैनी, तुमच्या हाताला तोड न्हाय," म्हणाला आन् मी फुगले. दुसऱ्या सोमवारपतोर फायनल होऊन गेलेली. मी आठवण केली, तर म्हणाला, एवढा एक आठवडा. मी म्हटलं बरं. त्यानं पायात दोन दोन मोजे चढवलेले, ते कशासाठी हे मला कळत हुतं. मी चाकाकडंच बघत बसले. चौथ्या सोमवारी तो आला न्हाय.

महिन्याभरानं अनुजा आली. तीनचाकी टेम्पोत घालून आणलेली. "काकू, विकायची हाय. टायर कसं हायत तेवढं बघून सांगा."

"दादा?"

"मांडीतनं काढला पाय. ताप मेंदूत जायचा तेवढा राहिलता. आता हायत माझ्याकडं. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असत्यात." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, तीन आठवडं आधी आणलं असतं तर दोन बोटांवर भागलं असतं. पण त्यांना दुखतच नव्हतं काकू. कुणाला कळणार?"

एवढ्यावर मला गप बसता आलं असतं. तिनं तर मला मोकळंच सोडलेलं. पण दादा भिंतीकडं तोंड करून पडलाय हे ऐकल्यावर बसवंना.

"मला कळलेलं," म्हटलं. "तो पाय मी बघितलेला. ह्या हातानं पायताण काढून बघितलेला, त्यांना न्यायच्या बावीस दिवस आधी. हा हातावरचा ब्रेक बी मीच केलाय."

ती ओरडली असती तर मला सोसलं असतं, मी बी ओरडले असते, तेवढंच मला जमतं. ती ओरडली न्हाय.

"पयल्या पायाच्या टायमाला मी माझा नंबर दिलता की तुम्हाला, काकू."

"व्हय," म्हटलं. "हाय अजून."