विजेचा घण आला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना घण आहे. पाथर्डी तालुक्यातल्या एका लोहाराच्या शेडमध्ये, भिंतीला टेकून उभा असतो. माझं डोकं पोलादी आणि दांडा बाभळीचा. कारभारी लोहार तापलेलं लोखंड ऐरणीवर धरायचा आणि त्याची बायको झुंबरबाई मला डोक्यावरून फिरवून घाव घालायची. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे कोयते आम्हीच घडवले. कारभारी वारला, तरी तिनं मला सोडलं नाही. "बाईच्या हातात घण शोभतो," असं लोक म्हणायचे. ती शाबासकी मी माझीच समजायचो.

मग सून आरतीनं पुण्याच्या प्रदर्शनात आमची खुरपी मांडली. हॉलंडच्या एका व्यापाऱ्याला ती आवडली. पण त्याला हजारोंनी हवी होती आणि सगळी एकसारखी. म्हणून आरतीनं विजेवर चालणारा घण आणला.

खंडेनवमीला हार त्याला मिळाला, मला नुसतं कुंकवाचं बोट. त्याहून झोंबलं ते निराळंच. झुंबरबाई त्याच्यापुढे स्टुलावर बसून पायानं पट्टी दाबायची आणि ओव्या गुणगुणायची. माझ्याबरोबर ती कधीच गायली नव्हती.

हा मेला कधी मोडतो, याची मी वाट पाहत होतो. माल निघायच्या दिवशी सकाळीच त्याचा पट्टा तुटला. थोडी खुरपी राहिली होती. टेम्पो चुकला असता तर जहाज चुकलं असतं आणि पहिलीच ऑर्डर हातची गेली असती.

झुंबरबाईनं मला उचललं. मला आभाळ ठेंगणं झालं. दोन घाव बसले. पुन्हा वर गेलो तो तिथंच थांबलो. तिचा खांदा हलेना.

आरतीनं मला तिच्या हातून काढून घेतलं. "आत्या, खांदा दुखतोय व्हय?"

"लई वर्सं दुखतोय," झुंबरबाई म्हणाली. "सांगून काय करायचं हुतं? घन दुसरं कोन उचलनार?"

इतकी वर्षं मी तिच्या हातात होतो, पण मला हे कधी कळलं नाही.

दुपारी गहिनीनाथ मिस्त्रीनं नवा पट्टा बसवला. संध्याकाळी टेम्पो भरून निघाला. पुढे हॉलंडहून आणखी मोठी ऑर्डर आली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या काही बायका आता इथंच कामाला आहेत.

माझा मत्सर गेला, असं मी म्हणणार नाही. विजेचा घण धडधडायला लागला की अजून माझा जळफळाट होतो. जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. जपाच. पण मित्रांनो, घणाचं कौतुक करण्याआधी तो उचलणाऱ्या खांद्याची विचारपूस करा.