वीस काय?

हिरव्या शाईचा एक ठिपका. प्रश्नचिन्हाखालचा, जरा पसरलेला, पेन तिथे क्षणभर टेकून राहिल्यासारखा… म्हणजे लिहिताना तेलेसिया थांबली असेल, हसलीही असेल – लुसेआनेने अंगठा ठेवून ठिपका झाकला. उचलला. होताच.

चौथीच्या गणिताच्या रोजनिश्या टेबलावर रचलेल्या. वर्ग तेलेसियाचा, पण ही वही नेसीची, आपल्या नेसीची. लेकीची वही वाचायला आईला कसली आलीय चोरी, असं म्हणून लुसेआनेने ती ओढली होती; तरी कान बाहेर, मैदानावर पोरींना खेळवणाऱ्या तेलेसियाच्या शिट्टीकडे.

गणित साधं. पाच टोपल्या, दर टोपलीत आठ नारळ, एकूण किती? नेसीने लिहिलं होतं, वीस. लुसेआनेचा हात आपसूक लाल पेनाकडे गेला… चाळीस गं बाई, चाळीस! गेल्या वर्षी तिसरीत, माझ्या वर्गात होती, तेव्हाही हेच चुकायची. किती घोकून घेतलं. आणि ऑकलंडहून शिकून आलेल्या ह्या नणंदेने ना फुली मारली, ना बरोबरची खूण केली. हिरव्यात दोनच शब्द – ‘वीस काय?’

त्याखाली दीड पान. घरी चार शब्द बोलायला जड जाणारी पोर दीड पान बोलली होती.

‘वीस जोड्या. आजोबा नारळ जोडीनेच मोजतात. सुटा मोजला तर त्याला एकटं वाटतं, असं म्हणतात. मला गेल्या वर्षीही वीसच आले होते. लाल फुली मिळाली. घरी जाऊन सांगणार होते, पण घरीही त्याच बाई होत्या.’

आजोबा… म्हणजे माझा बाप. दोन्ही हातांत एकेक नारळ धरून तो गुणगुणत मोजायचा, तेव्हा शेजारी फतकल मारून कोण बसायचं? मीच ना? मोजणी माझ्या बापाची, पोर माझ्या पोटची, आणि गुपित उमललं ते मात्र तिच्या हिरव्या शाईला!

‘वाचलीस वहिनी?’ घाम पुसत तेलेसिया दारात. ‘तुझ्या म्हाताऱ्याने हरवलं की गं मला! मी चाळीस धरूनच बसले होते.’

‘शहरात नारळ सुटेच मिळत असतील.’

‘आणि वाळलेले!’ तेलेसिया खळखळून हसली. टोमणा तिला लागलाच नाही. म्हणून तो परत येऊन लुसेआनेलाच लागला.

आणखी काय बोलणार? आत्या ती. नेसीचं नाव तिने ठेवलेलं, पुढे नेसीच्या लग्नात मानाच्या चटईवर बसायचं तेही तिनेच. आत्या आली की आईने बाजूला सरायचं, ही आमच्या टोंगा बेटांची रीत. सरले बाई. पाट दिला, पान दिलं, पहिला घास दिला… एवढं एक, पोरीच्या मनातलं, ते तरी माझ्यापुरतं ठेवायचंस.

‘खरं सांगू?’ तेलेसियाचा आवाज खाली आला. ‘शेवटची ओळ वाचली, आणि वाटलं, तुला दाखवावी की नको…’

म्हणजे कीवही आलीच.

घरी निघताना नेसी शेजारून चालत होती, डुकरांच्या पिलांना वाट देत.

‘आई, गप्प का? पोट दुखतंय?’

‘नाही गं.’

विचारावं. आत्ता. पण इतकी वर्षं फळ्यापुढे उभं राहून जे जे विचारलं, त्याचं उत्तर आधीच ठाऊक असायचं. माझी भीती वाटते का तुला? – ह्याचं उत्तर कुठल्या पुस्तकाच्या शेवटी छापलंय? धरायला काहीतरी हवं म्हणून तिने नणंदेचा हेवा चाचपून पाहिला. तो होता, पण त्याने तोंड फिरवलं होतं. तो नेसीकडे बघत होता. एवढीशी नऊ वर्षांची, आणि तिच्यापाशी कुणीतरी थांबलं होतं, तिचं ऐकायला… पोटच्या पोरीचा हेवा! लाजेने लुसेआनेचे कान तापले, आणि त्या लाजेच्याही खाली ते तसंच बसून राहिलं, लहान, हट्टी – मलाही. मलाही विचारा ना कुणी.