ज्युनी हॅस्केटची पट्टी

“आता गुणगुणणं पुरे,” रस्त्यावरची नजर न काढता ओरिन म्हणाला. “घशाला जरा सुट्टी दे.”

“घसा गप्प बसला की मला धडकी भरते,” ज्युनी म्हणाली आणि आपल्या गाण्यातली ती उंच ओळ पुन्हा ओठांतल्या ओठांत घोळवू लागली.

ओळ आली. तरी तिचं समाधान होईना. मांडीवरचं केळ्याच्या पुडिंगचं भांडं एका हाताने सावरत तिने दुसऱ्या हाताने गळा चाचपला, जणू तिथे काही ठेवलं होतं आणि कुणी उचलून तर नेलं नाही ना, हे बघायचं होतं. सकाळपासून तिने हे किती वेळा केलं असेल, देव जाणे. ओरिन गाडी चालवत राहिला.

ज्युनी हॅस्केट म्हणजे काही बडी गायिका नव्हे. अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या आमच्या डोंगराबाहेर तिचं नाव फार लोकांना माहीत नाही. आमच्यासारख्या माणसांची गाणी लिहायची आणि स्वतःच गायची, एवढा तिचा धंदा. कंट्री गाणं म्हणून नॅशव्हिलवाले जो झगमगाट करतात, त्याच्याशी तिचं कधी जमलं नाही. तरुणपणी तिथल्या एका रेकॉर्ड कंपनीने तिला बोलावलं होतं. गाणं झकास आहे म्हणाले, फक्त त्यातला कोंबड्या कापायचा कारखाना काढ आणि त्या जागी एखादी नदी घाल. ही गिटार उचलून घरी परत आली. लोक म्हणाले, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. ती म्हणाली, धुपाटणं तर धुपाटणं, माझं स्वतःचं आहे. तेव्हापासून स्वतःच रेकॉर्ड काढायच्या, गाडीत भरायच्या आणि गावोगाव गात फिरायचं. कधी दारूच्या गुत्त्यात, कधी कुणाच्या बैठकीच्या खोलीत. व्हायोलिनला हा ओरिन टॉलिव्हर. दोघांचं लग्न नाही, भानगडही नाही. पण इतकी वर्षं एका गाडीतून फिरल्यावर नवराबायकोइतकी भांडणं होतातच.

ते कारखान्याचं गाणं मात्र टिकलं. तिची आई त्या कारखान्यात राबायची. गाण्यात मुलगी पाळीवरून परतलेल्या आईला म्हणते, “आई, हात दाखव.” ती ओळ एकदम उंच जाते, आणि तिथे ऐकणाऱ्याला स्वतःच्या आईचे हात आठवतात. या वसंतात वेस काल्डर नावाच्या तरुण गायकाचा ज्युनीला फोन आला होता. त्याचं सध्या बरंच नाव आहे. शरद ऋतूत त्याचा चमू मोठमोठ्या थिएटरांतून गाणार होता. ज्युनीने रोज त्यांच्याआधी गावं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून “आई, हात दाखव” म्हणावं, असा त्याचा बेत होता. लोक तिकीट काढून, खुर्चीत बसून तिला ऐकणार, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं आणि आज रविवार होता.

प्रश्न गळ्याचा होता. मागच्या वर्षी पानगळीच्या दिवसांत एका कार्यक्रमात त्या ओळीवर तिचा आवाज मध्येच फाटला होता. महिनाभर ज्युनी कुणाशी धड बोलली नव्हती. मग हिवाळ्यात हळूहळू ओळ परत आली. ज्युनीने श्रेय मधाला आणि सफरचंदाच्या व्हिनेगरला दिलं. “मधात दम असतो,” ओरिनही म्हणाला होता.

तो रविवार म्हणजे आमच्याकडे कबरी सजवायचा दिवस. मेमधल्या त्या रविवारी सगळी घरं डोंगरावरच्या चर्चपाशी जमतात, आपापल्या माणसांच्या कबरींवरचं गवत काढतात, फुलं ठेवतात, मग गाणी आणि झाडाखाली जेवण. ज्युनी दरवर्षी आईच्या कबरीपाशी उघड्यावरच गायची, कारण चर्चमधला पियानो उंदरांनी कधीच खाल्ला होता.

“यंदा आत गायचं, ज्युनीबाई,” पास्टर गाडीपाशीच येऊन म्हणाले. “पियानो दुरुस्त करून घेतलाय. ओपलबाईंनी तुमचं गाणं रेकॉर्डवरून बसवलंय. महिनाभर दुसरं काही वाजवलं नाही त्यांनी.”

ओरिनच्या हातातली व्हायोलिनची पेटी गाडीच्या दाराला आपटली.

“बाहेरच गाऊ की,” तो म्हणाला. “हवा छान आहे.”

“आणि ओपलबाईंचं मन मोडू? मला अक्षरं त्यांनी शिकवली.”

“ज्युनी, ऐक ना माझं.”

“तुला काय झालंय आज? गायचंय मला, घाम तुला फुटतोय.”

ती आत गेलीसुद्धा. ओरिन गिटार घेऊन मागोमाग आला. ज्युनीच्या अंगठ्याचे सांधे सुजायला लागल्यापासून दोन्ही वाद्यं सुरात तोच लावायचा. दाराशी उभं राहून त्याने गिटारच्या खुंट्यांकडे पाहिलं. मग भरलेल्या बाकांकडे पाहिलं आणि गिटार आहे तशीच तिच्या हातात दिली.

ओपल ड्रुरी ऐंशीच्या पुढच्या, पाठ ताठ. त्यांनी सुरुवात केली, अगदी रेकॉर्डवरच्यासारखी, पांढरी दोनच्या पट्टीत. चार मात्रांनी ज्युनीने गिटार छेडली, ओरिनने गज ओढला, आणि चर्चमध्ये असा काही बेसूर कल्लोळ झाला की पुढच्या बाकावरचं एक तान्हं रडायलाच लागलं.

ओपलबाई थांबल्या. “तुझी गिटार उतरलीये गं, ज्युनी.”

“गाडीत ऊन लागलं असेल,” ज्युनी हसून म्हणाली आणि ओरिनकडे वळली. “तुझं ठीक आहे ना?”

ओरिनने नुसता तारेवरून गज ओढला. ज्युनीने पुन्हा एकदा गिटार छेडली. तिची गिटार आणि त्याचं व्हायोलिन एकमेकांशी चोख जुळत होती. उन्हाने उतरलेली वाद्यं अशी जुळून उतरत नाहीत. ओरिन बुटांकडे बघत होता. हिवाळ्यात त्याने गिटारला खालच्या सुरात ढिल्या न पडणाऱ्या जाड तारा घातल्या होत्या, जास्त टिकतात म्हणाला होता, तेही तिला तेव्हा आठवलं.

तिचा चेहरा कसा पडला, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. काहींना कळलं, काहींना नाही.

“लावून घे ना,” ओपलबाई म्हणाल्या. “आम्ही थांबतो.”

ज्युनीचा हात खुंटीवर गेला. तार वर चढवली असती तर ओळ सगळ्यांसमोर फाटली असती. हे आता तिला माहीत होतं आणि ओरिनला कधीपासूनच माहीत होतं. तिने हात खाली घेतला.

“नको, ओपलबाई. मी वाजवते. मी कुठं आहे ते तुम्हीच शोधा.”

तिने गिटारचा पहिला सूर छेडला. ओपलबाईंनी पांढरी दोन दाबली. नाही. मग काळी एक. नाही. ज्युनीने सूर पुन्हा छेडला. ओपलबाईंचं बोट पांढरी एकवर आलं आणि मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. तोही सूर नव्हता. एरवी ज्यांच्या तोंडाला कुलूप लागत नाही, अशा बायकासुद्धा श्वास रोखून बसल्या होत्या. ओपलबाईंचं बोट आणखी एक घर खाली सरकलं, आणि सूर जुळला.

“इथं आहेस होय,” त्या हळूच म्हणाल्या. “बरं. चल.”

आणि ज्युनी गायली. मला खोटं बोलवत नाही. ते रेकॉर्डवरचं गाणं नव्हतं. आवाज जाडाभरडा होता, उंच ओळ आता फारशी उंच राहिली नव्हती. पण गाणं शेवटपर्यंत गेलं.

जेवणं सुरू झाल्यावर ती ओरिनला झाडांमागे घेऊन गेली.

“कधीपासून?”

“नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगपासून. आधी एकच घर उतरवलं. तुझी ओळ आली. तू इतकी खूश होतीस गं. मग नाताळात आणखी एक. मग ईस्टरला.”

“आणि मी मूर्खासारखी मध पीत बसले.”

“सांगितलं असतं तर तू गाणंच सोडलं असतंस.”

“सोडलं असतं तर मी सोडलं असतं. ते तू ठरवायचं नव्हतंस, ओरिन. माझ्या गळ्याची बातमी गावभर होऊन मग मला कळावी?” तिचे डोळे भरले होते. पण दुःखाहून तिला राग जास्त आला होता.

ओरिनने टोपी काढली, पुन्हा घातली. “वेसला यातलं काही ठाऊक नाही. उद्या हो म्हणून टाक. तालमीत काढू काहीतरी वाट. नुसतं हो म्हण.”

ती पुडिंगचं रिकामं भांडं आणायला निघून गेली. परतीच्या वाटेवर ती गुणगुणली नाही.

सोमवारी सकाळी ओरिन तिच्याकडे आला तेव्हा ती स्वयंपाकघरात फोनसमोर बसली होती. कॉफी गार झाली होती. हे सगळं तिनेच नंतर सांगितलं. फोन वाजला.

“ज्युनीबाई, हो म्हणताय ना?” वेसचा आवाज उत्साहाने उतू जात होता. “पोरं रोज तुमचंच गाणं वाजवतायत. रेकॉर्डचीच पट्टी धरलीये आम्ही. पांढरी दोन.”

ओरिन दारातून मान हलवत होता. हो म्हण, हो म्हण.

“पांढरी दोन जमायची नाही,” ज्युनी म्हणाली. “मी तीन घरं खाली गाते.”

“तीन?” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “अहो, पण मग ती ओळ... लोक त्या उंच ओळीची वाट बघत बसतात.”

“ठाऊक आहे मला. मीही बसायचे. ती उंची आता माझ्याकडे नाही, बाळा. बाकीचं गाणं आहे.”

वेस काही बोलेना. एरवीची ज्युनी असती तर घाबरून तिने काहीतरी विनोद केला असता, सर्दी झालीये म्हणाली असती, शरदापर्यंत ओळ परत येईल म्हणाली असती. ओरिन पुढे सरसावला, तसं तिने त्याला हातानेच खुर्ची दाखवली. तो बसला. ती रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिली आणि तिने त्या मुलाला विचार करू दिला.