अण्णांनी स्वतःचं नाव लिहिलं असतं तर

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. सभेत तोंडापुढं धरून बोलतात ना, तो हातातला. मिरजेत अर्जुनअण्णांच्या कपाटावर मी बारा वर्षं बसून आहे.

अण्णा शेतमजुरांच्या एका छोट्या, लाल झेंड्याच्या पक्षाचे. घरचा ऊस असूनही ते माझ्यातून गावोगाव ओरडून सांगत, "साखर कारखान्याच्या सभेत ऊस तोडणाऱ्या बाईलाही मताचा हक्क द्या!" निम्मे लोक टाळ्या वाजवत, निम्मे ढेकळं मारत. माझ्या कडेला अजून एक पोचा आहे. "सोताच्याच भावकीवर उठलाय गड्या," म्हणत चुलते पाठ फिरवत.

मग साताऱ्यात पक्षाध्यक्षाची निवड झाली. उभे दोघंच, अण्णा आणि राजवर्धन. पक्षाची जुनी रीत अशी की उमेदवारानं आपलं मत समोरच्याला द्यायचं. अण्णांनी चिठ्ठीवर राजवर्धनचं नाव लिहिलं. राजवर्धननं मात्र स्वतःचंच. अक्षर सगळ्यांनी ओळखलं. अण्णा एका मतानं हरले.

"आवं, सोताचं नाव लिवायला हात मोडला हुता का?" घरी कारभारीण लीलाबाई तणतणल्या.

"रीत हाय ती."

"मग त्यानं का न्हाई पाळली?"

अण्णांनी मला पुसलं आणि कपाटावर ठेवलं.

पुढं राजवर्धननं पक्ष एका मोठ्या पक्षात नेऊन विरघळवला. माणसं यायची थांबली. लीलाबाईही वारल्या. उरलो अण्णा आणि मी, दोघंही गप्प.

तेव्हापासून मी मनातल्या मनात दुसरीच गोष्ट रचतो. अण्णांनी स्वतःचं नाव लिहिलंय. अण्णा अध्यक्ष झालेत. ऊस तोडणाऱ्या बाया कारखान्याच्या सभेत पहिल्या रांगेत बसल्यात. अण्णांना शिव्या तर दुप्पट आहेत! पण खरं सांगू? त्या गोष्टीतही अण्णा गावोगाव सभांनाच असतात आणि घरी लीलाबाई मला एकट्याच जेवताना दिसतात. मग मी गोष्ट तिथंच सोडतो.

परवा लेक क्रांती अण्णांना साताऱ्याला न्यायला आली. आवराआवरीत तिनं मला भंगारात टाकलं.

"त्याला नगं," अण्णा म्हणाले. "माजं समदं बोलणं त्यालाच ठावं हाय."

क्रांतीचा हात थांबला. "आणि मला, अण्णा?"

"तू कवा इचारलंस?"

ती तिथंच ट्रंकेवर बसली. "आता इचारते. सांगा, काय बोलायचासा तवा?"

अण्णांनी माझं बटण दाबलं. बॅटरी कधीच पाझरून गेली होती. आवाज निघाला नाही. त्यांनी मला बाजूला ठेवलं, घसा खाकरला आणि तसेच बोलू लागले.

मित्रांनो, भोंगा लांबच्या माणसांसाठी असतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या इतकं जवळ बसा, की माझी गरजच पडू नये. क्रांती दुपारभर चहा ठेवायलाही उठली नाही.