गोठ्याची कडी आणि निळी चिंधी

मित्रांनो, मी गोठ्याच्या फाटकाची कडी. आज गंजून खिळ्याला लटकते आहे, पण एके काळी माझा काय तोरा होता! लोहाराने मला तापवून, ठोकून घडवलं आणि गवळीदादांनी फाटकावर बसवलं. 'खट्ट' आवाज झाला की ते खुशीत म्हणायचे, "झाली निश्चिंती!" आत ठमी म्हैस, बाहेर वर्दळीचा रस्ता आणि मध्ये मी एकटी. ठमी ढुशा देऊन थकायची, पण मी ढिम्म!

मग फाटक एका बाजूला खचलं. माझा दांडा खांबाच्या भोकापर्यंत पोचेना. गवळीणबाई रोज मागे लागायच्या, "अहो, लोहाराला बोलवा. ही बया एक दिवस कुणाला तरी तुडवेल."

"बोलावतो गं! लोहार काय पळून चाललाय?" असं म्हणत दादांनी समोरच्या शिंपीणबाईंकडून एक निळी चिंधी आणली आणि मला खांबाला बांधून टाकलं. मला वाटलं, दागिनाच घातला! वेडी कुठली.

एका सकाळी ठमीने जोर लावला. चिंधी टर्रकन फाटली. कपड्यांचं गाठोडं घेऊन येणाऱ्या शिंपीणबाईच नेमक्या तिच्या वाटेत आल्या. ठमीच्या धडकेने त्या पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. कात्री धरायचा हात तो!

बाईंनी भरपाईचा दावा लावला. कोर्टात मला टेबलावर ठेवलं, अंगावर अर्धी चिंधी तशीच. दादा म्हणाले, "साहेब, जनावरच ते. कडी लागत नाही हे मला काय ठाऊक?"

खरं सांगू? मला बरं वाटलं. सगळं ठमीवर गेलं असतं तर मीही सुटले असते ना!

शिंपीणबाई प्लास्टरमधला हात सावरत उठल्या. "भावजी, ही चिंधी माझ्या दुकानातली. मागताना काय म्हणाला होतात?"

दादांची मान खाली गेली. "कडी लागत नाही, म्हणालो होतो, वहिनी."

"आणि मीही हसत हसत दिली," बाई हळूच म्हणाल्या.

न्यायाधीशांनी सांगितलं, "माहीत असून दुरुस्ती केली नाही. इजेची जबाबदारी मालकाची, म्हशीची नव्हे." निकालात माझं नावही आलं नाही. तेच जास्त लागलं.

आता फाटकावर नवी कडी आहे. दादा ती दोनदा हलवून बघतात. मित्रांनो, तुमच्या घरी काही असं चिंधीने बांधून ठेवलं असेल, तर आजच कारागिराला हाक मारा. समोरून शिलाई मशीनचा आवाज येतो का, म्हणून मी रोज कान देते. अजून येत नाही.