दाबून धरलेला तळहात

पॅनेलवरचा हिरवा दिवा लागला. कान तपासणाऱ्या बाईंनी तर अजून आवाज सोडलाच नव्हता.

जाड काचेपलीकडच्या बंदिस्त बूथमध्ये म्हातारे ग्रंथपाल डोळे मिटून बसले होते. कानांवर हेडफोन, डाव्या हातात बटण, उजवा तळहात टेबलावर. हेडफोनमध्ये आवाज आला की बटण दाबायचं, म्हणजे बाईंसमोर दिवा लागे, एवढंच काम. उगाच दाबणारे बाईंनी पुष्कळ पाहिले होते. कान तपासायला आलं तरी माणसाला पास व्हायची हौस असतेच. पण हे नेमाने दाबत होते. दोनदा, मग जरा थांबून पुन्हा दोनदा.

बाईंनी माइक सुरू केला.

"काका, मी काहीच वाजवलेलं नाही हं."

"वाजतंय की. टेबलावर थरथरल्यासारखं."

बाईंनी दाराजवळच्या टोपलीकडे पाहिलं. आत येणाऱ्याने फोन बंद करून तिथे ठेवायचा, हा त्यांचा दंडक. लोकांच्या अगदी जिवावर येई. आज टोपली रिकामी होती. "मी फोन सोडला, तीन वर्षं झाली," असं काकांनी येतानाच सांगितलं होतं. त्यांना घेऊन आलेली सून बाहेर बाकावर बसली होती.

"कधीपासून ऐकू येतंय?"

काकांनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"परीक्षेचे दिवस होते. वाचनालयाचा हॉल मुलांनी गच्च भरलेला. फोन वाजता कामा नये, हा नियम माझाच. कुणाची गय करायचो नाही मी. त्या दुपारी नेमका माझाच थरथरायला लागला. घरून, हिचा. टेबलावरच्या फोनवर मी तळहात दाबून धरला. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. अकरा वेळा. मुलं हसतील म्हणून उठलो नाही."

"आणि काकू?"

"शेजाऱ्यांनी दार उघडलं, तेव्हा फोन हिच्या हातातच होता म्हणे."

पुढचा पेशंट ताटकळला होता. 'श्रवणशक्ती उत्तम' असं कागदावर लिहून मोकळं होता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांनी पेन उचललं, तेवढ्यात दिवा पुन्हा लागला. दोनदा.

टेबलावरचा तळहात इतका घट्ट दाबलेला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. इतका वेळ हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याची बाईंना लाज वाटली.

"काका, इथे हॉल नाही," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाला त्रास होत नाही. उचला."

ग्रंथपालांनी डोळे उघडले. ही बाई आपली थट्टा तर करत नाही ना, अशा नजरेने ते काचेतून बघत राहिले. मग त्यांनी बटण बाजूला ठेवलं. उजवा हात सावकाश टेबलावरून उचलला, हेडफोन सरकवला आणि रिकामा तळहात कानाशी नेला.

"हं, बोल," स्पीकरमधून त्यांचा आवाज आला. "ऐकतोय मी."

बाईंनी घाईने स्पीकर बंद केला आणि त्या खुर्ची वळवून काचेकडे पाठ करून बसल्या.

सुनेने दारातून डोकावून विचारलं, "झालं का हो बाबांचं?"

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "फोनवर आहेत."